उपग्रहावरून शाळेची घड्याळं कशी मिळवायची

उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं. होळीला मिळवून लावलं, तर जूनअखेर शाळा उघडेपर्यंत ते मिनिटभर मागे गेलेलं असतं, सेल नवा असला तरी. आमचे शिपाईभाऊ म्हणतात, "तेही उन्हानं सुस्तावते जी." आणि ते अगदी खरं आहे. साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वांत जलद चालतो. ऊन वाढो की थंडी, दोन्हीकडे तो मंदावतो, आणि तापमानातल्या फरकाच्या वर्गाच्या हिशेबाने मंदावतो. टिनाखाली ४५ अंश झाले की दिवसाला साधारण सव्वा सेकंद जातो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घड्याळाने याहून बरं वागावं अशी अपेक्षाही नाही.

कॉम्प्युटरचं दुखणं वेगळं. लॅबमध्ये नऊ मशीन, आणि बहुतेकांच्या मदरबोर्डवरचे गोल सेल मेलेले. लाईन गेली, यूपीएसने मान टाकली, की परत सुरू होताना कोणी २००९ मध्ये जागा होतो, कोणी २०१५ मध्ये. मग सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, कारण वेबसाइटच्या ओळखीच्या ज्या प्रमाणपत्राची मुदत या वर्षी सुरू झाली, ते २००९ मधल्या मशीनच्या लेखी अजून जन्मलेलंच नसतं. पोरं म्हणतात नेट बंद आहे. नेट चालू असतं, तारीख बंद असते.

इंटरनेटवरून वेळ घ्यावी, तर आमच्याकडे इंटरनेट म्हणजे कोणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट, तोही फोन खिडकीत ठेवला तर. आकाश मात्र चारी बाजूंनी मोकळं आहे. म्हणून वेळ वरून घ्यायची ठरवली. कशी, ते माझ्या चुकांसकट सांगतो, कारण या कामात चुकाच जास्त शिकवतात.

वरून नेमकं काय येतं

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळं आहेत, आणि प्रत्येक जण सतत सांगत असतो: मी इथे आहे, आणि आता इतके वाजलेत. हा निरोप खाली यायला सेकंदाचा साधारण चौदावा भाग लागतो. उपग्रह किती दूर आहे हे कळलं तर तो उशीर वजा करता येईल, पण आपलं मॉड्यूल, म्हणजे उपग्रहांचं ऐकणारा छोटा बोर्ड, स्वतः कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं आणि स्वतःचं घड्याळ किती चुकलंय हेही नाही. जागेचे तीन आकडे आणि घड्याळाची चूक मिळून चार अज्ञात, म्हणून निदान चार उपग्रह दिसावे लागतात. रस्ता शोधणारे लोक पहिली तीन उत्तरं घेतात आणि चौथ्याकडे बघतही नाहीत. आपल्याला नेमकं ते चौथं हवंय.

मॉड्यूल हे उत्तर दोन तुकड्यांत देतं, आणि इथेच नीट लक्ष द्या. एक असतो पल्स: दर सेकंदाला एका पिनवर क्षणभर व्होल्टेज चढतं, आणि ते चढण्याचा क्षण खऱ्या सेकंदाच्या सुरुवातीशी पाच-पन्नास नॅनोसेकंदांपर्यंत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) जुळतो. पण पल्स मुका असतो, हा कितवा सेकंद ते सांगत नाही. दुसरी असते ओळ: दुसऱ्या तारेवरून अक्षरांच्या रूपात वेळ, तारीख, अक्षांश, रेखांश येतात. ओळ बोलते, पण उशिरा, आणि उशीरही दर वेळी सारखा नसतो. पल्स म्हणजे शाळेची घंटा. ओळ म्हणजे "तिसरा तास सुरू झाला" असं सांगायला पायऱ्या चढून धापा टाकत येणारा पोट्टा. घंटा अचूक आहे, पोट्टा माहितीचा आहे, आणि सारी कसरत या दोघांची जोडी लावण्याची आहे.

सामान

एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, जुनं मॉडेल चालतं. यू-ब्लॉक्सच्या चिपचं मॉड्यूल, निओ-६एम किंवा निओ-एम८. चुंबक असलेली ॲक्टिव्ह (आत ॲम्प्लिफायर असलेली) अँटेना, पाच मीटर केबलसकट. एक डीएस३२३१ घड्याळ-मॉड्यूल, का ते पुढे येईल. लॅबमध्ये आधीच असलेला नेटवर्क स्विच.

मॉड्यूल घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, बोर्डवर पल्सची पिन बाहेर काढली आहे का. स्वस्त बोर्डांवर ती नसते, पल्स फक्त लुकलुकणाऱ्या लेडपर्यंत, म्हणजे एलईडी दिव्यापर्यंत जातो. तसा बोर्ड गळ्यात पडलाच, तर लेडकडे जाणाऱ्या रेझिस्टरच्या चिपकडच्या टोकाला बारीक तार झाळता येते, हात स्थिर असेल तर. यूएसबीत खुपसायच्या जीपीएस काड्या घेऊ नका, त्यांत बहुतेकदा पल्स बाहेर येतच नाही.

दुसरी, जुनं वापरलेलं मॉड्यूल घेऊ नका. मी घेतलं होतं. १ जुलै २०२४ ला, सोमवारी, ते जोडलं. पल्स झकास, तास-मिनिटं बरोबर, वारही सोमवार. तारीख मात्र १५ नोव्हेंबर २००४. मी आधी वार बघितला आणि निश्चिंत झालो, तिथेच फसलो. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्याच्या क्रमांकाला फक्त दहा बिट आहेत, म्हणजे १०२४ आठवडे झाले की मोजणी परत शून्यावर येते. मोजणी ६ जानेवारी १९८० ला सुरू झाली, ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा उलटली, एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्यांदा, आता नोव्हेंबर २०३८ मध्ये उलटेल. आपण कितव्या फेरीत आहोत हे मॉड्यूलच्या सॉफ्टवेअरने ओळखायचं असतं, आणि जुनं सॉफ्टवेअर ते ओळखत नाही. चूक पूर्ण आठवड्यांची, म्हणून वार कधीच चुकत नाही.

नाविकवर, म्हणजे भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन उपग्रहांवर, चालणारं मॉड्यूल का नको, असं पोरांनी विचारलंच. इस्रोचे सुरुवातीचे नाविक उपग्रह वेगळ्या लहरींवर बोलतात, आणि स्वस्त मॉड्यूल ज्या एल-१ लहरीवर ऐकतात ती मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून आली. त्याच उपग्रहात देशी बनावटीचं रुबिडियम घड्याळ आहे. त्याआधी पहिल्या नाविक उपग्रहातली तिन्ही आयात घड्याळं बंद पडली होती, आणि घड्याळ गेलं की दिशादर्शनाच्या कामी असा उपग्रह उपयोगाचा राहत नाही. सध्या मी जीपीएसवरच आहे.

अँटेना

टिनाखाली, कवेलूखाली ओल आलेल्या भिंतीजवळ, खिडकीत, असले प्रयोग करून झाले. खिडकीत दिवसातून काही तास चालतं, आणि असं अर्धवट चालणं बंद पडण्यापेक्षा वाईट. अँटेना स्लॅबवर, निंबाच्या झाडापासून दूर ठेवा. पावसाने भिजलेला पाला सिग्नल खातो. चुंबकाखाली वीतभर लोखंडी पत्रा ठेवा. आम्ही तेलाच्या पिंपाचं जुनं झाकण ठेवलंय. खालून उसळून येणारे सिग्नल त्याने अडतात आणि अँटेनालाही बैठक मिळते.

पाच मीटर केबलमध्ये सिग्नलला साधारण २५ नॅनोसेकंद उशीर होतो. प्रयोगशाळेत तो मोजून वजा करतात. आपण विसरून जायचं.

खरा धोका वांदरांचा. पहिल्या वर्षी चार दिवस पल्स गायब होता. मी सॉफ्टवेअर तीनदा नव्याने भरलं, आणि मग शिपाईभाऊ वरून ओरडले, "सर, काहून डोकं लावून राह्यले? वांदरानं वायर चावली जी!" तेव्हापासून केबल प्लास्टिकच्या नळीतून आणली आहे.

जोडणी

आधी वीज बंद. मॉड्यूलचा वीजपुरवठा पायच्या पिन १ वर, म्हणजे ३.३ व्होल्टवर. ग्राउंड पिन ६ वर. मॉड्यूल ज्या पिनवरून बोलतं ती पायच्या ऐकणाऱ्या पिनवर, म्हणजे पिन १० वर. बोलणारी बोलणारीला जोडली तर काही जळत नाही, पण संध्याकाळ जाते. पल्स पिन १२ वर. पायच्या कुठल्याही इनपुट पिनवर ५ व्होल्ट देऊ नका, ती जळते आणि बऱ्याचदा सोबत सगळा पाय जातो.

चालू करा आणि लेडकडे बघा. उघड्या आकाशाखाली बऱ्याचदा मिनिटाच्या आत तो सेकंदाला एकदा लुकलुकू लागतो. इथे घाई करून वेळ वापरायला घेऊ नका.

पहिली साडेबारा मिनिटं

जीपीएसचं स्वतःचं घड्याळ १९८० पासून न थांबता चालतंय. जगाच्या घड्याळात, म्हणजे यूटीसीत, पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ ठेवायला अधूनमधून एक लीप सेकंद घातला जातो. जीपीएस तो घालत नाही. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ ला पडला, आणि तेव्हापासून जीपीएस यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. हे १८ वजा करायचे असतात, पण हा आकडा उपग्रह सारखा सांगत नाही. पूर्ण संदेश साडेबारा मिनिटांचा असतो आणि त्यात तो एकदाच येतो. तोवर मॉड्यूल स्वतःच्या पोटातला जुना आकडा वापरतं. २०१२ च्या आधीचं सॉफ्टवेअर असेल तर तो आकडा १५ असतो, आणि तुमची वेळ ३ सेकंद पुढे धावते. मग एकदम बरोबर होते, आणि आपल्याला वाटतं भूतबाधा. नवीन जोडणीनंतर पाव तास चहाला जा.

हे लीप सेकंद कायमचे नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये देशोदेशीच्या वजन-माप परिषदेने ठरवलंय, की २०३५ पर्यंत ही प्रथा थांबवायची.

घंटा आणि पोट्ट्याची जोडी

पायच्या सेटिंगमध्ये सीरियल पोर्ट चालू करा, पण त्यावरचा लॉगिन बंद करा. नाहीतर पाय मॉड्यूलच्या ओळींनाच पासवर्ड मागत बसतो. पिन १२ वरचा पल्स ओळखायची सोय, पाय सुरू होताना वाचतो त्या बूटच्या फाइलमध्ये चालू करावी लागते. मग दोन प्रोग्रॅम लागतात: ओळी वाचायला जीपीएसडी, आणि घड्याळ चालवायला क्रोनी. क्रोनीला दोन स्रोत सांगायचे, ओळ आणि पल्स, आणि पल्सच्या स्रोताला ओळीशी लॉक करायचं, म्हणजे सेकंदाचा क्रमांक ओळीकडून घे, पण क्षण पल्सकडून. ओळीच्या स्रोतावर "याच्या भरवशावर घड्याळ लावू नको" असं बजावायचं, त्यासाठी नो-सिलेक्ट हा पर्याय आहे.

आता माझी सर्वांत महागात पडलेली चूक. मॉड्यूल सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने बोलतं. एका अक्षराला दहा बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. सगळ्या प्रकारच्या ओळी चालू असल्या की दर सेकंदाला चार-पाचशे अक्षरं होतात, आणि दिसणारे उपग्रह वाढले की ओळी आणखी वाढतात. म्हणजे पोट्टा अर्धा सेकंद उशिरा पोचतो. उशीर अर्ध्या सेकंदापलीकडे गेला, की ती ओळ कोणत्या घंटेची हे क्रोनीला उमगत नाही आणि तो शेजारच्या घंटेला जोडतो. आमची लॅब आठवडाभर एक सेकंद मागे चालली. क्रोनी मात्र अभिमानाने दाखवत होता, की चूक फक्त तीन मायक्रोसेकंदांची आहे.

उपाय दोन. नको त्या ओळी बंद करा, विशेषतः कोणते उपग्रह कुठे दिसतात याच्या. आणि ओळीचा सरासरी उशीर मोजून क्रोनीच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे उशिराच्या दुरुस्तीच्या आकड्यात भरा. तो मोजायला एक दिवस हॉटस्पॉट मिळवा आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा, म्हणजे एनपीएलचा, टाइम सर्व्हर तिसरा स्रोत म्हणून जोडा. सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचेही सर्व्हर आहेत, आणि त्यांची नावं चक्क समय-१, समय-२ अशी आहेत. मोबाईल नेटवर येणारी वेळ पाच-पन्नास मिलिसेकंद हलते, तिच्यावर मायक्रोसेकंद तपासता येत नाहीत. पण आपल्याला तपासायच्यात त्या मोठ्या चुका, आणि त्यांना ती पुरते.

कारण उपग्रहाच्या वेळेची चूक जवळजवळ नेहमी गोल आकड्यात येते. बरोबर १ सेकंदाचा फरक दिसला तर घंटा आणि पोट्ट्याची जोडी चुकली. २-३ सेकंद किंवा १८ सेकंद असतील तर लीप सेकंदाचा आकडा पोचला नाही. साडेपाच तास असतील तर यूटीसी आणि भारतीय वेळेत घोळ झाला. १०२४ आठवडे म्हणजे मॉड्यूल म्हातारं. अधलामधला, सरकणारा फरक दिसला तरच अँटेना आणि केबलकडे बघायला गच्चीवर जा.

सूर्यावरून मात्र तपासायला जाऊ नका. भारतीय वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे, आणि यवतमाळ ७८ अंशांच्या जरा पुढे. आमची दुपार सरासरी साडेसतरा मिनिटं उशिरा होते.

दिल्ली-पॅरिसवाले हेच कसं करतात

जगाची वेळ दाखवणारं एकही घड्याळ जगात नाही. पॅरिसजवळ सेव्र इथे आंतरराष्ट्रीय वजन-माप ब्यूरो आहे. देशोदेशीच्या प्रयोगशाळांतल्या शेकडो अणुघड्याळांची भारित सरासरी तिथे काढतात, आणि तुमचं घड्याळ यूटीसीच्या किती नॅनोसेकंद पुढे-मागे होतं, ते दर महिन्याच्या पत्रकात कळवतात. म्हणजे नेमकी वेळ काय होती, हे मागाहून कळतं. पण हजारो किलोमीटरवरची घड्याळं एकमेकांशी मिळवायची कशी? उपग्रहावरूनच.

जिनिंगच्या भोंग्याचं उदाहरण घ्या. भोंगा सातला वाजायचा, पण वाजवणारा आज ४० सेकंद लेट आहे. एक गाव २ किलोमीटरवर, आवाज पोचायला साधारण ६ सेकंद. दुसरं ३ किलोमीटरवर, ९ सेकंद. पहिल्या गावच्या घड्याळात भोंगा ७ वाजून ५० सेकंदांनी ऐकू आला, दुसऱ्या गावच्या घड्याळात ७ वाजून १ मिनिट १३ सेकंदांनी. प्रवासाचा वेळ वजा करा: ४४ सेकंद, आणि १ मिनिट ४ सेकंद. म्हणजे दुसऱ्या गावचं घड्याळ पहिल्याच्या २० सेकंद पुढे. भोंगा वाजवणाऱ्याचे ४० सेकंद हिशेबात आलेच नाहीत. दोन प्रयोगशाळा एकच उपग्रह एकाच वेळी ऐकतात, आपापले आकडे फाइलने कळवतात, आणि उपग्रहाच्या घड्याळाची चूक अशीच गळून पडते. १९८० च्या दशकात ही पद्धत रुळली, पुढे सगळे दिसणारे उपग्रह वापरण्याच्या जास्त बारीक पद्धती आल्या. भारतीय वेळ सांभाळणारी एनपीएल अशाच उपग्रही तुलनेतून यूटीसीशी जोडलेली राहते.

आपलं मॉड्यूल जी यूटीसी देतं, तो अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या यूटीसीचा उपग्रहाने सांगितलेला अंदाज असतो. शाळेला तो भरपूर आहे. पण सर्व्हर चालवणाऱ्या संस्थांनी एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी घड्याळं जुळवावीत, असे सर्ट-इनचे, म्हणजे देशाची सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, एप्रिल २०२२ पासून निर्देश आहेत. गावात कोणी तसं काम करत असेल, तर त्याने नुसत्या गच्चीवर भागवू नये.

लॅबची मशीन

क्रोनीच्या यादीत पल्सच्या नावापुढे तारा दिसला आणि रीचच्या रकान्यात ३७७ आलं, की काम झालं. ते ३७७ अष्टमान पद्धतीत असतं, अर्थ एवढाच की मागच्या आठही वेळा उत्तर मिळालं. मग क्रोनीला लॅबच्या नेटवर्कला वेळ द्यायची परवानगी द्या, आणि प्रत्येक मशीनमध्ये इंटरनेट टाइमच्या जागी पायचा पत्ता घाला. स्विचला वायर लावा. वाय-फायवर मिलिसेकंदांचा सावळागोंधळ होतो.

एक अडचण हमखास येते. विंडोजचं घड्याळ साधारण १५ तासांहून जास्त चुकलं असेल, तर ते सर्व्हरचं ऐकत नाही, एवढा फरक त्याला संशयास्पद वाटतो. २००९ मध्ये अडकलेलं मशीन म्हणून आपोआप सुधारत नाही. आधी हाताने तारीख लावा, मग मिळवा, आणि त्याच दिवशी मदरबोर्डवरचा तो गोल सीआर २०३२ सेल बदला. आम्ही तीन मशीनवर हे विसरलो होतो.

लाईन आणि वीज

बहुतेक रास्पबेरी पायमध्ये स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नसतं. पाचव्या मॉडेलमध्ये आहे, पण सेल वेगळा घ्यावा लागतो. लाईन आली की पाय जुन्याच वेळेत उठतो आणि उपग्रह सापडेपर्यंत लॅबला तीच चुकीची वेळ देऊ शकतो. डीएस३२३१ त्यासाठीच. तो स्वतःचं तापमान मोजून स्फटिकाची चाल सुधारतो, आणि ४० अंशांपर्यंत वर्षाला साधारण मिनिटभरच चुकतो. आमच्या मे महिन्यात तो त्या हद्दीबाहेर जातो, म्हणून पायची पेटी आम्ही टिनाच्या खोलीतून काढून स्लॅबच्या खोलीत, जमिनीलगत ठेवली.

मृग लागला की आभाळ कडकडायच्या आत अँटेनाची केबल मॉड्यूलमधून काढा. अँटेना गच्चीवरची सर्वांत उंच वस्तू कधीच नसावी, तरी जवळ पडलेली वीजही केबलमधून आत येते. सोडवलेलं टोक पायशेजारी लोंबकळत ठेवू नका. आम्ही ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिडकीबाहेरच्या खिळ्याला अडकवतो. दोन तासांच्या वादळात क्रोनी आधी शिकलेल्या चालीवर पायचं घड्याळ चालवत राहतो, आणि तेवढ्यात काही मिलिसेकंदच इकडेतिकडे होतात. पाऊस उघडला की केबल परत लावताना आधी टोक फडक्याने कोरडं करा.